जुग आणि नरद : वत्सगुल्म प्रांताच्या अनुषंगानें पटक्रीडांचा व उतारवयांतील विनोदाचा विचार

१

"जुग फुटल्यावांचून नरद मरत नाहीं" ही म्हण मराठींत सर्वश्रुत आहे. ऐक्य आहे तोंपर्यंत नाश नाहीं, हा तिचा भावार्थ शाळेंतील मुलेंहि सांगूं शकतात. परंतु जुग म्हणजे काय, नरद म्हणजे काय, आणि तें जुग फुटतें तरी कसें, असें विचारल्यास आज बहुधा उत्तर मिळत नाहीं. प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं तीसांहून अधिक वर्षें संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविलीं. ही म्हणहि फळ्यावर पुष्कळदां लिहिली. तिचा वाच्यार्थ मात्र त्यास सेवानिवृत्तीनंतर, वाशीम येथील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर सारीपाट मांडून बसूं लागल्यावर कळला. शब्द कोशांत जिवंत असतो आणि वस्तु घरांतून नाहींशी झालेली असते, असा हा प्रकार आहे.

पट, फांसे, सोंगट्या, गंजिफा व बुद्धिबळें हीं निरुद्योगी माणसांचीं साधनें आहेत अशा समजुतीनें संशोधकांनीं त्यांजकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. दप्तरांतील रुमाल सोडतांना ताम्रपटाची नक्कल निघाली तर आपण ती जपतों. फाटका पट निघाला तर तो रुमालाचें अस्तर म्हणून बाजूस ठेवितों. या लहानशा निबंधांत दोन गोष्टी दाखविण्याचें योजिलें आहे. पहिली ही कीं, आमच्या वाशीम जिल्ह्याच्या भूमीशीं, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माशीं, व एकंदर विदर्भाशीं या क्रीडांचा संबंध ग्रंथांतून व चित्रांतून स्पष्ट दिसतो. दुसरी ही कीं, शास्त्रानें निंदिलेलें द्यूत आणि उतारवयांत चार जणांनीं मिळून केलेला विनोद यांतील सीमारेषेचा विचार आपल्या पूर्वजांनीं बारकाईनें केलेला होता.

२

विदर्भाच्या प्राचीन कथांत फांशांचा आवाज वारंवार ऐकूं येतो. पहिली कथा नलाची. निषधराज नल आपला भाऊ पुष्कर याच्याशीं खेळून राज्य गमावितो, आणि विदर्भराज भीमाची कन्या दमयंती त्याच्यामागें वनांत जाते. ही कथा बृहदश्व मुनि वनपर्वांत युधिष्ठिरास सांगतो तें प्रयोजनहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. द्यूतांत सर्वस्व हरलेल्या राजास दुसऱ्या हरलेल्या राजाची कथा सांगून तो त्याचें समाधान करितो, आणि शेवटीं त्याला अक्षविद्या देतो. तीच विद्या घेऊन युधिष्ठिर विराटाच्या सभेंत कंक या नांवानें राजाचा खेळगडी होतो. ज्या खेळानें राज्य घालविलें, त्याच खेळानें अज्ञातवासाचें वर्ष निभावलें. महाभारतकारानें हा विरोध मुद्दाम साधला असावा असें वाटतें.

दुसरी कथा रुक्मीची. कृष्णाकडून पराभव पावल्यावर रुक्मी कुंडिनपुरास परतला नाहीं. त्यानें भोजकट नगर वसविलें. पुढें त्याच्या पौत्रीचा अनिरुद्धाशीं विवाह झाला, त्या मंगल प्रसंगींच कलिंगराजाच्या चिथावणीनें रुक्मी व बलराम खेळावयास बसले. रुक्मीनें बलरामाची जीत नाकारली, कलिंगराज दांत दाखवून हंसला, आणि बलरामानें रुक्मीस तेथेंच ठार केलें. येथें एक पाठविषयक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. भागवतांत बलरामाचें आयुध परिघ आहे; विष्णुपुराणांत मात्र तो अष्टापदानें, म्हणजे खेळाच्या फलकानेंच, रुक्मीस मारितो. लेखकास विष्णुपुराणांतील तपशील अधिक अर्थपूर्ण वाटतो. भोजकट हें केवळ पौराणिक नांव नव्हे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटांत भोजकट-राज्याचा उल्लेख आहे, आणि चम्मक हें गांव अमरावती जिल्ह्यांत अचलपुराजवळ आहे.

तिसरी गोष्ट पुराणांतील नसून मराठी वाङ्मयाच्या उगमाशीं निगडित आहे. महानुभाव परंपरेनुसार श्रीचक्रधर हे पूर्वाश्रमीं गुजराथेंतील प्रधानपुत्र हरिपाळदेव. त्यांस द्यूताचा नाद होता. एकदां हरल्यावर त्यांनीं पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागितले. तिनें ते दिले नाहींत, आणि त्या प्रसंगानें त्यांस विरक्ति आली. रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते निघाले ते विदर्भांत ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या दर्शनास पोंचले. म्हाइंभटानें संकलित केलेल्या लीळाचरित्रासारखा ग्रंथ ज्या परंपरेनें मराठीस दिला, तिच्या आरंभीं हरलेला एक डाव आहे, हें विसरतां येत नाहीं.

तिन्ही कथांत नाश खेळानें होत नसून पणानें होतो. नल राज्य लावितो, रुक्मी व बलराम सुवर्ण लावितात, हरिपाळदेव पत्नीच्या अलंकारांवर हात टाकूं पाहतात. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

३

आतां खास वत्सगुल्माकडे वळूं. वाशीम म्हणजेच वत्सगुल्म, ही गोष्ट इ. स. १९३९ मध्यें उजेडांत आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटानें पक्की झाली. हा पट राजाच्या ३७ व्या राज्यवर्षाचा असून वत्सगुल्म येथून दिलेला आहे. त्याची भाषा कांहीं संस्कृत व कांहीं प्राकृत आहे. त्यामुळें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथें नांदत होती हें निर्विवाद झालें. 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन याच शाखेचा मूळ पुरुष होय.

वात्स्यायनास हें नगर ठाऊक होतें. कामसूत्राच्या पारदारिक अधिकरणांत निरनिराळ्या देशांच्या राजकुलांतील चाली सांगतांना त्यानें वैदर्भांचा व वत्सगुल्मकांचा पृथक् निर्देश केला आहे. त्याच ग्रंथांत नागरकाच्या वासगृहाचें वर्णन करितांना वीणा, चित्रफलक व पुस्तक यांच्या बरोबरीनें आकर्षफलक व द्यूतफलक या दोन वस्तु सांगितल्या आहेत. चौसष्ट कलांच्या गणनेंतहि द्यूतविशेष व आकर्षक्रीडा यांस स्थान आहे. म्हणजे खेळाचा फलक हा सुसंस्कृत गृहस्थाच्या खोलींतील नित्याच्या सामानापैकीं होता.

याच वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें खोदविलें; तेथील शिलालेख प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्याच २ ऱ्या लेण्यांत विधुरपंडित जातक चितारलेलें असून त्यांत इंद्रप्रस्थाचा कुरुराजा व पूर्णक यक्ष यांच्या द्यूताचा प्रसंग आहे. राजा हरतो आणि आपला अमात्य विधुर यास गमावितो. इंद्रप्रस्थ, कुरुराजा व फांसे हीं बौद्धांच्या कथेंतहि एकत्र यावींत हें लक्षणीय आहे. अजिंठ्याहून थोड्या अंतरावर वेरूळ येथें १४, २१ व २९ या क्रमांकांच्या लेण्यांत शिवपार्वती अक्षक्रीडा करीत असल्याचीं शिल्पें आहेत. तेथें मात्र राज्यनाश नाहीं, वैर नाहीं. पार्वती जिंकते आणि शंकर पुन्हा एक डाव मागतो, असा तो भाव आहे. शिल्पकारानें देवांच्या घरांतील तिसऱ्या प्रहराची करमणूक खोदली आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें तर हस्तलिखितांच्या संग्राहकांचें तीर्थच आहे. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हां कारंजा त्यांत आलें. तेथील जैन भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडांतील हस्तलिखितांच्या सूचींत झाली, आणि त्यामुळें अपभ्रंश वाङ्मयाचें एक दालनच उघडलें. पुढें डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३३ मध्यें पुष्पदंताचें 'णायकुमारचरिउ' संपादून प्रसिद्ध केलें. पुष्पदंत हा राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानींतील दहाव्या शतकाचा कवि. या काव्यांत राजा आपल्या राणीचे अलंकार काढून घेतो, तेव्हां तिचा पुत्र नागकुमार द्यूतगृहांत जाऊन व पुढें प्रत्यक्ष पित्याशीं खेळून ते जिंकतो. जैन धर्मांत द्यूत हें सात व्यसनांपैकीं पहिलें. असें असूनहि कवीनें नायकाच्या हातीं फांसे दिले, कारण येथें हेतु मातेचा मान राखण्याचा आहे. एकीकडे पत्नीचे अलंकार मागणारा खेळाडू आणि दुसरीकडे मातेचे अलंकार सोडविणारा खेळाडू, अशा दोन परस्परविरुद्ध कथा विदर्भाच्या दोन ग्रंथपरंपरांनीं जतन केल्या आहेत.

४

आतां म्हणीकडे येऊं. सारीपाट या शब्दांतील 'सारी' म्हणजे संस्कृत शारि किंवा शार, अर्थात् सोंगटी. पाणिनीच्या पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांतील नवव्या सूत्रांत 'अयानय' हा शब्द येतो, त्यावरून 'अयानयीन' शार सिद्ध होतो. पतंजलीनें त्याचें स्पष्टीकरण असें केलें आहे कीं, अय म्हणजे उजवीकडील गति व अनय म्हणजे डावीकडील गति. दोन्ही दिशांनीं जाणाऱ्या सोंगट्यांच्या ज्या स्थानीं प्रतिपक्षाच्या सोंगट्यांस शिरतां येत नाहीं तें स्थान अयानय. यावर टीकाकार सांगतात कीं, ज्या सोंगटीस साहाय्य आहे तिचें स्थान शत्रूस घेतां येत नाहीं. असहाय सोंगटी मात्र मारली जाते.

आमच्या ओसरीवरील नियम हाच. एका घरांत एकाच रंगाच्या दोन सोंगट्या बसल्या म्हणजे जुग झालें. तें एकट्या सोंगटीस मारतां येत नाहीं. फांशाच्या दानानें किंवा खेळणाऱ्याच्या घाईनें त्यांतील एक पुढें सरकली कीं जुग फुटलें, आणि मागें राहिलेली नरद उघडी पडली. जुग हा संस्कृत युग, म्हणजे जोडी. नरद हा फारसी नर्द. एका ओळीच्या म्हणींत संस्कृत व फारसी शेजारीं बसल्या आहेत, आणि तिचा नियम मात्र पतंजलीच्या काळाइतका जुना आहे. इतकी अखंड परंपरा असलेलीं विधानें आपल्या व्यवहारांत फार थोडीं सांपडतील.

पटाचें स्वरूपहि नोंदवितों. कापडाचा चौफुला, मध्यें घर, चार भुजा. प्रत्येक भुजेंत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरें, व चार भुजांचीं मिळून ९६. चार रंगांच्या चार-चार अशा १६ सोंगट्या. लांबट फांसे तीन, त्यांच्या चार बाजूंवर १, २, ५ व ६ असे ठिपके. अकबराच्या दरबारांतील चौपटाचें जें वर्णन अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत दिलें आहे त्याशीं हें जुळतें. दोन फांशांवर सहा-सहा व तिसऱ्यावर एक पडला म्हणजे पौबारा. हें दान पडलें कीं सोंगटी भराभर सुटते. त्यावरूनच 'पोबारा करणें' हा पळून जाण्याचा वाक्प्रचार मराठींत रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत याच कुळांतील पचीशीचें सोपें रूप करून 'ल्यूडो' हा खेळ निघाला. तो आतां भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आमच्या नातवंडांच्या हातीं आहे. पट परदेशीं जाऊन परत आला, पण येतांना जुगाचें नांव तिकडेच विसरून आला.

५

आतां धर्मशास्त्राचा प्रश्न. वृद्धानें दुपारीं पट मांडून बसावें हें योग्य कीं अयोग्य? मनूचें मत कडक आहे. निर्जीव साधनांनीं खेळतात तें द्यूत, सजीव प्राण्यांवर लावतात तो समाह्वय, अशी व्याख्या करून तो दोहोंचाहि निषेध करितो. एवढ्यावरच न थांबता, द्यूत हें पूर्वीं मोठें वैर उत्पन्न करणारें दिसून आलें आहे, सबब शहाण्यानें तें थट्टेखातरहि खेळूं नये, असें नवव्या अध्यायांत सांगतो. याज्ञवल्क्य उलट, द्यूत राजाच्या देखरेखीखालीं चालूं देतो. सभिकानें, म्हणजे द्यूतगृहाच्या चालकानें, शंभर किंवा अधिक जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच व इतरांकडून शेंकडा दहा घ्यावे, राजाचा भाग द्यावा, व जिंकणाऱ्यास त्याचें धन मिळवून द्यावें, अशी त्याची व्यवस्था आहे. कौटिल्यानेंहि द्यूताध्यक्ष नेमला आहे.

मनूच्या वचनांतून सुटण्यास एक युक्ति सुचते. त्यानें निषेधाचें कारण वैर हें सांगितलें आहे. तर जेथें वैर नाहीं तेथें निषेधहि नाहीं, असें कां म्हणूं नये? परंतु संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथें प्रामाणिकपणा सोडतां येत नाहीं. मीमांसकांच्या हेतुवन्निगद न्यायानें, विधिवाक्याबरोबर सांगितलेलें कारण हा केवळ अर्थवाद असतो. त्यानें विधीचें क्षेत्र कमी होत नाहीं. मनुवचनास तोच न्याय लाविला तर आमची युक्ति मनूपुढें टिकत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

सुटका दुसरीकडे आहे. कमलाकरभट्टानें इ. स. १६१२ मध्यें रचलेल्या निर्णयसिंधूंत कार्तिक शुद्ध प्रतिपदेस प्रातःकालीं द्यूत खेळावें असें पुराणवचनाच्या आधारें सांगितलें आहे, कारण त्या दिवशीं पार्वतीनें शंकरास जिंकलें. आश्विनी पौर्णिमेस, कोजागरीच्या रात्रीं, अक्षक्रीडा करून जागरण करण्याचा विधि आहे. म्हणजे सामान्य निषेधास विशेष वचनांनीं अपवाद केला आहे. याच कमलाकराचा चुलतभाऊ नीलकंठभट्ट यानें आपल्या भगवंतभास्करांतील नीतिमयूखांत बुद्धिबळाच्या खेळाचें वर्णन दिलें आहे. पैठणहून काशीस गेलेल्या एकाच भट्ट घराण्यांतील हे दोघे चुलतबंधु. एकानें खेळाची तिथि सांगितली, दुसऱ्यानें खेळाची रीत. ज्या घराण्याच्या निर्णयांवर महाराष्ट्राचा धर्मव्यवहार चालला त्यास हा विषय क्षुद्र वाटला नाहीं.

इंग्रजी अमदानींतील कायद्यानेंहि अखेर तीच रेषा दुसऱ्या शब्दांत आंखली. १८६७ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्याच्या १२ व्या कलमानें व मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्याच्या १३ व्या कलमानें केवळ कौशल्याच्या खेळांस निषेधांतून वगळलें. त्यांनीं दैव व बुद्धि असा भेद केला. आपल्या कथांनीं मात्र पण व प्रेम असा भेद केला होता, आणि लेखकास तो अधिक खोल वाटतो. कारण वेरूळच्या शिल्पांत शिवपार्वती दैवाचेच फांसे टाकीत आहेत.

६

गंजिफांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण हा विषय संग्राहकांच्या अगदीं निकट आहे. बाबरानें १५२७ मध्यें सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली गंजिफेंत आठ रंग व ९६ पानें. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे ते रंग. महाराष्ट्रांत हिलाच चंगकांचनी म्हणतात. दशावतारी गंजिफेंत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व दहा अंकांचीं पानें, म्हणजे एकूण १२०. तिघांनीं खेळतांना प्रत्येकास ४० पानें येतात. दिवसा रामाच्या राजानें डाव सुरू होतो, रात्रीं कृष्णाच्या. पांच रंगांत दहा मोठा व एक्का लहान. उरलेल्या पांचांत एक्का मोठा व दहा लहान. वाटोळीं, लाखेनें चकचकीत केलेलीं हीं पानें सावंतवाडीस तयार होत आलीं आहेत. गिरिधर कवीचें 'गञ्जीफाखेलन' नांवाचें लहानसें संस्कृत काव्यहि या खेळावर आहे.

चाळीस पानें हातांत धरून दहा रंगांचीं गेलेलीं पानें स्मरणांत ठेवावयाचीं, त्यांतहि निम्म्या रंगांत क्रम उलटा. हा खेळ स्मृतीचा व्यायाम आहे. वृद्धांनीं तो आवडीनें खेळावा यांत नवल नाहीं. उतारवयांतील क्रीडाप्रेमाचें सर्वांत मोठें उदाहरण म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांचें. १८३१ मध्यें इंग्रजांनीं त्यांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला. त्यानंतर १८६८ पर्यंतचें उरलेलें आयुष्य त्यांनीं ग्रंथ, संगीत व क्रीडा यांत घालविलें. 'श्रीतत्त्वनिधि' या प्रचंड सचित्र ग्रंथाचा कौतुकनिधि हा भाग खेळांस वाहिलेला आहे. त्यांनीं अठरा रंगांची व ३६० पानांची गंजिफा योजिली, आणि बुद्धिबळाच्या पटावरील घोड्याच्या प्रवासाचीं कोडीं रचलीं. राज्य गेलेल्या राजाचा तो विरंगुळा आज संशोधकांचें साधन झाला आहे.

बुद्धिबळाविषयीं बाणभट्टाचा हर्षचरितांतील श्लेष सर्वांस ठाऊक आहे. हर्षाच्या राज्यांत चतुरंगाची रचना अष्टापदावरच शिकली जाई. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, जो शके १०५१ च्या सुमाराचा आहे, क्रीडाविंशतींत चतुरंग, पाशक व वराटिका या तिन्हींस स्वतंत्र प्रकरणें आहेत. उत्तर पेशवाईच्या काळांतील त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळ-ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर १८१४ मध्यें मुंबईस छापलें गेलें. आपल्याकडील जुन्या खेळांत राजास, शह बसण्यापूर्वीं, एकदां घोड्याची चाल मिळे. प्यादें ज्या घरीं पोंचेल त्या घरच्या मोहऱ्याचें रूप घेई. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी होई व पूर्ण जय समजला जात नसे. प्याद्यानें मात करणें हा मोठा मान मानीत. शत्रूस निःशेष लुटल्यानें जय कमी होतो, हा त्या नियमांतील विचार आहे. आतां सर्वत्र आंतरराष्ट्रीय नियम चालतात, आणि त्या नियमांनीं नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २०२५ मध्यें महिलांचा विश्वचषक जिंकला, ही विदर्भास अभिमानाची गोष्ट आहे. तथापि जुने नियम कोणी लिहून ठेवीत नाहीं.

७

शेवटीं स्वतःविषयीं थोडें लिहितों, तें विषयाच्या पुष्टीसाठींच. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका घरच्या पोथ्या पाहतांना लेखकास एका रुमालांत चाळीस-पंचेचाळीस सुटीं वाटोळीं पानें मिळालीं. मत्स्य, वराह व परशुराम स्पष्ट ओळखूं येत होते. संच अपुरा, म्हणून ती वस्तु निरुपयोगी समजून त्यानें ती त्या घरच्या लहान मुलांस खेळावयास दिली व पोथ्या तेवढ्या पाहिल्या. पोथ्यांत निघालीं तीं सर्वत्र मिळणारीं स्तोत्रें. पानें पुढें गेलीं तीं गेलींच. तीं कोठें तयार झालीं, वऱ्हाडांत रंगविणारे होते कीं तीं कोंकणांतून आलीं, हा प्रश्न त्या पानांच्या रंगरेषांवरून सुटला असता. हा दोष लेखकाचा आहे, आणि तो सांगितल्यावांचून इतरांस उपदेश करण्याचा त्यास अधिकार नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही चौघे रोज तिसऱ्या प्रहरीं पट मांडीत असूं. एक वैद्य, एक कापडाचे व्यापारी, एक भिक्षुक व चौथा मी. भिक्षुकबोवा माझे समोरचे भिडू. अखेरच्या दोन वर्षांत त्यांस दिसेनासें झालें होतें. फांसे पडले कीं ते बोटांनीं ठिपके चांचपून दान सांगत, आणि सोळाहि सोंगट्या कोणत्या घरीं आहेत हें मनांत धरून चाल सुचवीत. पणास कधीं चिंचोकाहि लागला नाहीं. तरी हरल्यावर ते घरीं जातांना बोलत नसत, आणि दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या आधीं येऊन बसत. माझें जुग उगीच फोडलें तर, "मास्तर, दान पडलें म्हणून चाललेंच पाहिजे असें नाहीं," असें म्हणत. गेल्या पावसाळ्यांत ते गेले. त्यानंतर आम्हांस कळलें कीं, तीन काणे पडल्यावर फुलीवरील सोंगटी हलवावी कीं नाहीं याचा निर्णय आम्ही नेहमीं त्यांना विचारीत होतों, आणि तो नियम आमच्यापैकीं कोणासच येत नाहीं. त्यांच्या पोथ्या घरच्यांनीं नीट बांधून ठेविल्या आहेत. त्यांत तो नियम नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे. पोथ्या पाहावयास जाल तेव्हां त्या घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ थोडा वेळ बसा. पट असल्यास त्याची लांबीरुंदी, घरांची संख्या, फुल्या कोणकोणत्या घरीं आहेत, फांशांवरील ठिपके, दानांचीं नांवें व त्यांवरील चाली लिहून घ्या. घरांतील आजीबाईंस कवड्यांच्या खेळाविषयीं विचारा. स्त्रियांच्या दुपारच्या बैठकींनीं अनेक नियम पुरुषांपेक्षां अधिक शुद्ध राखले आहेत. सुटें पान किंवा एकटी सोंगटी मिळाली तर फेंकूं नका. लेण्यांच्या व किल्ल्यांच्या फरशांवर नवकांकरी, वाघबकरी इत्यादिकांचे पट कोरलेले आढळतात. त्यांचा नकाशा घ्या, मात्र लेण्याचा काळ तोच त्या रेघांचा काळ असें अनुमान करूं नका, कारण रेघा मागाहून कोणीहि ओढल्या असतील. आणि शक्य असेल तर एक डाव खेळून या. वृद्ध मनुष्य नियम विचारल्यानें आठवीत नाहीं, हातीं फांसे घेतल्यावर आठवितो.

पोथी व तिचा जाणता हें एक जुग आहे. त्यांतील जाणता पुढें निघून गेला कीं मागें राहिलेली पोथी उघडी पडते. आम्ही तिघे अद्यापि बसतों. चौथ्या जागेवर व्यापाऱ्यांचा नातू बसतो. तो पटास ल्यूडो म्हणतो, पण परवां त्यानें जुग फोडण्याआधीं विचार केला व एक दान तसेंच सोडून दिलें. या टिपणांत कांहीं उणें असल्यास जाणत्यांनीं दुरुस्त करावें. इत्यलम्.